डोमेनची भाववाढ: विरोध नेमका कुणाकडे आणि कसा नोंदवायचा?

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

डॉट कॉमच्या घाऊक दरावरची (डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रार कंपन्या नावांची मूळ यादी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रीला देतात त्या दरावरची) सध्याची स्थगिती २५ ऑक्टोबर २०२६ ला संपते. २६ ऑक्टोबरपासून डॉट कॉमची रजिस्ट्री चालवणाऱ्या व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीला दर वर्षी ७ टक्क्यांपर्यंत दर वाढवायची मुभा करारातच दिलेली आहे, आणि ती २०३० पर्यंत चार वर्षं सलग वापरता येते. आपल्याकडं पैठणीचे दुकानदार, दाल मिलवाले, बियाणे कंपन्या, कोचिंग क्लासेस, शेतकरी उत्पादक कंपन्या असे कितीतरी जण डॉट कॉमवर आहेत. वाढ झाल्यावर ओरडून काही होत नाही, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय.

आधी आकडे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानं डॉट कॉमचा घाऊक दर ७.८५ डॉलरवर गोठवला. २०१८ मध्ये त्याच खात्याच्या एनटीआयए या विभागानं व्हेरिसाइनसोबतच्या सहकार्य करारात ३५ वी दुरुस्ती केली आणि प्रत्येक सहा वर्षांच्या मुदतीतल्या शेवटच्या चार वर्षांत ७-७ टक्के वाढ मोकळी केली. मार्च २०२० मध्ये आयकॅन या जगभरच्या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेनं व्हेरिसाइनसोबतच्या आपल्या करारात ती उतरवून घेतली. त्या वेळी आलेल्या हरकती नऊ हजारांच्या घरात होत्या. पुढं सप्टेंबर २०२१ ला ८.३९, २०२२ ला ८.९७, २०२३ ला ९.५९ आणि सप्टेंबर २०२४ ला १०.२६ डॉलर. म्हणजे चारही संधी पुरेपूर वापरल्या आणि तीन वर्षांत साधारण ३१ टक्के वाढ झाली. पुढच्या चारही संधी अशाच वापरल्या तर २०३० पूर्वी दर १३.४० डॉलरच्या आसपास जातो.

डॉट नेटला याहून सैल नियम आहे, तिथं दर वर्षी १० टक्के चालतात. डॉट ओआरजीवरची मर्यादा तर २०१९ मध्ये काढूनच टाकली.

माझं म्हणणं एकच आहे. विरोध योग्य दारात गेला पाहिजे. डॉट कॉमचं दार वेगळं, डॉट इनचं वेगळं, आणि रजिस्ट्रारनं वर लावलेल्या पैशाचं तिसरंच. इथं जाणकार बरेच आहेत, एकेक दार कुणीतरी नीट समजावून सांगावं.

मांजराकाठ (लातूर)

गोदातीर सर, आकडे बरोबर, पण लोकांच्या खिशातून जातं ते बहुतेक दुसरीकडंच. हिशोब मांडतो. डॉलर ९० रुपये धरू. व्हेरिसाइनचे १०.२६ डॉलर म्हणजे ९२३ रुपये. आयकॅनची फी जुलै २०२५ पासून दर वर्षाला २० सेंट झाली (आधी १८ होती), ते १८ रुपये. बेरीज ९४१. त्यावर १८ टक्के जीएसटी १६९. एकूण १११० रुपये. याच्यावर रजिस्ट्रारचा नफा शून्य. केवळ एवढ्याच दरात डोमेन देणारे रजिस्ट्रार आहेत.

आता पहिल्या वर्षी ९९ किंवा १९९ रुपयांची जाहिरात करून दुसऱ्या वर्षापासून १५०० अधिक जीएसटी घेणारे बघा. तिथं १७७० होतात. कर वगळून ५५९ रुपये रजिस्ट्रारचे. व्हेरिसाइनची ७ टक्के वाढ म्हणजे ७२ सेंट, सुमारे ६५ रुपये. मग आधी भांडायचं ६५ साठी की ५५९ साठी?

शिवाय नूतनीकरणाच्या बिलात प्रायव्हसी, 'वेबसाइट सुरक्षा', मेलबॉक्स असं काहीबाही आधीच टिक केलेलं असतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे आधीच टिक केलेली चौकट ही ग्राहकाची संमती धरता येत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नबद्दलच्या मार्गदर्शक तत्त्वांत गुपचूप टोपलीत माल टाकणं आणि किंमत थेंबाथेंबानं उघड करणं या दोन्ही प्रकारांची नावानिशी नोंद आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा थेट कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निपटारा करायचा असं नियमात आहे. तक्रारीसोबत दोन स्क्रीनशॉट हवेतच: खरेदीच्या वेळी दाखवलेली किंमत आणि नूतनीकरणाचं बिल. पहिला बहुतेकांकडं नसतो, तिथंच तक्रार लंगडी पडते. म्हणून डोमेन घेताना पैसे भरण्याआधीचं पान जपून ठेवा, त्यावर नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात असतो.

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

मांजराकाठ सर, तुमचा हिशोब चोख आहे. तरी एक मोठा फरक आहे. रजिस्ट्रार महाग वाटला तर डोमेन उचलून दुसऱ्याकडं नेता येतं. रजिस्ट्री बदलता येत नाही. डॉट कॉम म्हटलं की व्हेरिसाइनच, जगात दुसरं कुणी नाही.

नाव बदलायचं म्हटलं तर काय काय बदलावं लागतं ते धरा: दुकानाची पाटी, बिलबुक, पॅकिंगवरची छपाई, जीएसटी आणि बँकेत दिलेला मेल, गूगल नकाशावरची नोंद, शोधात मिळालेली जागा, गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये जपलेला पत्ता. बियाण्याच्या पिशवीवर एकदा छापलेला पत्ता हंगामभर फिरत राहतो. या सगळ्याचा खर्च दरवर्षीच्या ६५ रुपयांपेक्षा शेकडो पट असतो, आणि दर वाढवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. गिऱ्हाईक हलू शकत नाही अशा ठिकाणी स्पर्धा दर खाली ठेवत नाही, म्हणूनच करारात मर्यादा हवी.

६५ रुपये एका डोमेनचे. डॉट कॉमची नोंदणी पंधरा कोटींच्या वर आहे. एक डॉलर वाढला की वर्षाला पंधरा कोटी डॉलर.

सर्व्हरवाला (नांदेड)

डोमेन हलवायचा मुद्दा निघालाच आहे तर क्रम लिहून ठेवतो. स्थलांतर चुकतं ते जवळपास दरवेळी त्याच तीन-चार जागी.

१. नोंदणी किंवा मागचं स्थलांतर होऊन ६० दिवस उलटलेत का बघा. नसतील तर थांबा.

२. मालकाचं नाव, संस्था किंवा मेल बदलायचा असेल तर तो स्थलांतरानंतर बदला. आधी बदलला की बऱ्याच रजिस्ट्रारकडं पुन्हा ६० दिवसांचं कुलूप पडतं.

३. सध्याच्या खात्यातून डीएनएसच्या (साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या) सगळ्या नोंदी उतरवून घ्या: ए, सीनेम, एमएक्स आणि सगळ्या टीएक्सटी नोंदी. मेल खरा असल्याची खूण पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क या बहुतेक टीएक्सटीतच असतात. जुन्या रजिस्ट्रारचेच नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) वापरत असाल तर स्थलांतर झाल्यावर तो ते बंद करू शकतो. मग साइट आणि मेल दोन्ही बंद पडतात, आणि मेल गप्प बंद पडलेला दोन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. नेमसर्व्हर आधी तिसऱ्या ठिकाणी हलवा, ४८ तास जाऊ द्या, मग पुढं जा.

४. डीएनएससेक (नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर तिची रजिस्ट्रीतली डीएस नोंद काढून टाका आणि किमान एक दिवस थांबा. हे विसरलात तर डोमेन बऱ्याच ठिकाणी उघडणारच नाही.

५. कुलूप काढा, ऑथ कोड (स्थलांतरासाठीचा गुप्त संकेत) मागा. मागितल्यापासून पाच दिवसांत तो देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे.

६. नव्या ठिकाणी पैसे भरा. जुन्याकडून मंजुरी आली नाही तरी पाच दिवसांत स्थलांतर आपोआप होतं. मुदतीत एक वर्ष वाढतं, म्हणजे स्थलांतराची फी हेच नूतनीकरण.

हे सगळं मुदत संपायच्या निदान महिनाभर आधी सुरू करा. मुदत संपल्यावर जुन्याकडं नूतनीकरण केलं आणि लगेच ४५ दिवसांच्या आत हलवलं, तर जुन्याकडं वाढलेलं वर्ष रजिस्ट्री परत काढून घेऊ शकते. पैसे दोनदा, वर्ष एकच.

आणि परदेशी रजिस्ट्रारकडं जाताना स्वयंचलित नूतनीकरणावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (आपोआप वसुलीला ग्राहकानं आधी नोंदवलेली परवानगी) नियमामुळं, ज्या व्यापाऱ्याकडं मँडेटची सोय नाही त्याची आपोआप होणारी कार्ड वसुली भारतीय बँका नाकारतात. खात्यात 'ऑटो रिन्यू चालू' दिसतं आणि प्रत्यक्षात पैसे जात नाहीत.

बालाघाट (बीड)

सर्व्हरवाले भाऊ, लई कामाचं लिहिलंत. एक विचारतो. वाढ व्हायच्या आधी दहा वर्षाचे पैसे एकदमच भरून टाकावेत का? आमच्याकडचे दुकानदार तेच विचारायलेत. आन काही जण दहा वर्षाचे पैसे घेऊन रजिस्ट्रीत एकाच वर्षाची नोंद करायलेत म्हणे, ते कसं ओळखायचं?

सर्व्हरवाला (नांदेड)

बालाघाट भाऊ, भरता येतात. डॉट कॉमची मुदत आजपासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत जाते. तीन वर्षं शिल्लक असतील तर सातच वाढतील. वाढीची सूचना व्हेरिसाइनला सहा महिने आधी द्यावी लागते, म्हणजे बातमी आल्यावरही जुन्या दरानं मुदत वाढवायला वेळ मिळतो. नव्या प्रकारच्या डोमेनना, म्हणजे डॉट शॉप, डॉट ऑनलाइन वगैरेंना, आयकॅनच्या करारात नूतनीकरणाच्या वाढीसाठी १८० दिवसांची सूचना आहे. पण तिथं वाढीवर मर्यादा कसलीच नाही, हे घेतानाच ध्यानात ठेवा.

ओळखायचं कसं ते सोपं आहे. आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाका. जानेवारी २०२५ पासून डोमेनची नोंद दाखवणाऱ्या जुन्या व्हूइज सेवेची जागा आरडॅपनं घेतली आहे, तरी माहिती तीच. 'रजिस्ट्री एक्स्पायरी' ही तारीख बघा. शेजारी 'रजिस्ट्रार एक्स्पायरी' दिसेल, तिच्यावर जाऊ नका. पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवशीही रजिस्ट्रीची तारीख पुढं गेली नसेल तर तुमचे पैसे रजिस्ट्रारकडंच पडून आहेत. तेव्हाच मेलवर लेखी विचारा.

नाव धंद्याचा कणा असेल तर दहा वर्षं भरा. नुसतं 'असू द्यावं' म्हणून घेतलेल्या जोडनावांवर एवढे पैसे अडकवू नका. आणि पैसे भरायच्या आधी मालक कोण लिहिलाय ते बघा. साइट करून देणाऱ्यानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं असेल, तर तुम्ही त्याच्या मालमत्तेचं दहा वर्षांचं भाडं भरताय. खातं तुमच्या मेलवर, नोंद तुमच्या नावावर, मगच पैसे. तो देतच नसेल तर आयकॅन त्या वादात पडत नाही, तिची बांधिलकी रजिस्ट्रारपुरती. यूडीआरपीनं (डोमेनच्या वादांसाठीच्या आयकॅनच्या प्रक्रियेनं) भांडायला विपो या जागतिक बौद्धिक संपदा संस्थेची फीच १५०० डॉलरपासून सुरू होते, त्यामुळं सामोपचारानं, पण लेखी कागद करूनच सोडवून घ्या.

मुदत चुकली तर काय होतं तेही सांगून टाकतो. रजिस्ट्रीकडून रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत सवलत असते, त्यातले किती दिवस तुम्हाला द्यायचे ते रजिस्ट्रार ठरवतो. त्यानं नाव सोडलं की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ. त्यात परत घ्यायला व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून ४० डॉलर घेते आणि रजिस्ट्रार तुमच्याकडून त्याहून बरेच जास्त. त्यानंतर पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, मग नाव बाजारात मोकळं. डॉट इनला हेच दिवस गृहीत धरू नका, तिथं रजिस्ट्रारच्या अटी वाचा.

दुधना (जालना)

सगळे एकाच बाजूनं बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. डॉट कॉम आणि डॉट नेटची डीएनएस सेवा पंचवीस वर्षांहून जास्त काळ एकदाही पूर्ण बंद पडलेली नाही, असं व्हेरिसाइन सांगते, आणि ते खोटं पाडणारी घटना मला माहीत नाही. २०१२ ते २०२१ दर गोठलेलाच होता, त्या काळात महागाई झालीच ना. दुसरं, नाव स्वस्त असलं की साठेबाज हजारो नावं अडवून बसतात. दर थोडा वाढला तर ती मोकळी होतील आणि खऱ्या गरजवंताला मिळतील. वर्षाला साठ-सत्तर रुपयांसाठी अमेरिकेशी भांडण्यात वेळ घालवण्यापेक्षा डॉट इन घ्यावं, हे मला जास्त पटतं.

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

दुधना सर, सेवेच्या दर्जाबद्दल वाद नाही. प्रश्न खर्चाचा आहे. २०२४ मध्ये व्हेरिसाइनचं उत्पन्न सुमारे १५६ कोटी डॉलर आणि कार्यकारी नफा सुमारे १०६ कोटी डॉलर होता. शंभरातले ६८ नफ्यात जातात तिथं खर्च वाढला म्हणून दर वाढवला असं म्हणता येत नाही. दर गोठला तेव्हा, २०१२ च्या अखेरीला, डॉट कॉमची नावं साडेदहा कोटींच्या आसपास होती. आता पंधरा कोटींवर आहेत. नावं दीडपटीच्या जवळ गेली आणि यंत्रांचा खर्च दर नावामागं कमी होत आला, म्हणजे गोठलेल्या काळातही उत्पन्न वाढतच होतं.

साठेबाजाचं उलटंच होतं. हजार डॉलरला नाव विकणाऱ्याला ७२ सेंटनं फरक पडत नाही. फरक पडतो तो एकच नाव दहा-वीस वर्षं सांभाळणाऱ्याला.

मला सगळ्यात खटकतं ते दुसरंच. हा करार पुन्हा निविदा काढून दिला जात नाही. २००६ पासून त्यात असं कलम आहे की मोठा भंग सिद्ध झाला नाही तर तो त्याच कंपनीकडं नव्यानं जातो. आपल्या डॉट इनसाठी ते चालवणाऱ्या निक्सी या कंपनीनं निविदा काढून २०१८ मध्ये अफिलियासच्या जागी न्यूस्टारला तांत्रिक काम दिलं आणि चालू रजिस्ट्री एकाकडून दुसऱ्याकडं गेली. म्हणजे हे करता येतं. डॉट कॉमसाठीही निविदा निघाली असती तर खरा दर काय ते एका दिवसात कळलं असतं.

२०२४ मध्ये एनटीआयएनं स्वतःच व्हेरिसाइनला पत्र लिहून दराबद्दल शंका काढल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन आणि प्रतिनिधी जेरी नॅडलर यांनीही चौकशीची मागणी केली. तरीही सहकार्य करार पुढची सहा वर्षं, नोव्हेंबर २०३० पर्यंत वाढला आणि ७ टक्क्यांचं कलम तसंच राहिलं.

पूर्णाकाठ (परभणी)

'डॉट इन घ्या' म्हणणाऱ्यांसाठी कायद्याच्या बाजूनं लिहिते. डॉट इन, डॉट सीओ डॉट इन आणि डॉट भारत यांचा दर निक्सी ठरवते. ही २००३ ची, ना नफा तत्त्वावरची कंपनी, इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतली. देशपातळीवरच्या डोमेनचे दर आयकॅन बघत नाही. त्यामुळं तिकडं लिहिलेली हरकत इथं निरुपयोगी, आणि डॉट कॉमसारखी टक्क्यांची मर्यादा सांगणारा करारही आपल्या हातात नाही. दर आज परवडणारा आहे म्हणून उद्याची हमी मिळत नाही. शेजारच्या नेपाळमध्ये डॉट एनपी नागरिकांना मोफत मिळतं, म्हणजे देशाचं डोमेन कितीला द्यायचं हा शेवटी धोरणाचा निर्णय असतो आणि धोरणावर नागरिक प्रश्न विचारू शकतो.

पहिली पायरी माहिती अधिकाराची. अर्ज मराठीत चालतो. कलम ६(१) मध्ये अर्जदाराच्या भागातल्या राजभाषेत अर्ज करता येतो असं स्पष्ट आहे. फी १० रुपये, मजकूर ५०० शब्दांपर्यंत. मंत्रालयाकडं केला आणि माहिती निक्सीकडं असली तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत तिकडं वर्ग करावा लागतो. 'दर का वाढवता?' असं विचारू नका, तो खुलासा मागणं झालं आणि अर्ज तिथंच फेटाळला जातो. कागद मागा. नमुना देते:

"१ एप्रिल २०१५ पासून आजपर्यंत डॉट इन, डॉट सीओ डॉट इन व डॉट भारत या डोमेनसाठी रजिस्ट्रारकडून आकारलेला नोंदणी व नूतनीकरणाचा दर, बदलाच्या तारखेसह. प्रत्येक बदलाला मंजुरी देणाऱ्या ठरावाची व टिप्पणीची प्रत. तांत्रिक सेवा पुरवठादाराला प्रति डोमेन दिलेली रक्कम, वर्षनिहाय. रजिस्ट्रारना दिलेल्या सवलत योजनांची परिपत्रके."

तिसऱ्या मुद्द्याला कलम ८(१)(घ) खाली व्यापारी गुपित म्हणून नकार येण्याची शक्यता जास्त. त्याच कलमात व्यापक सार्वजनिक हित असेल तर माहिती देता येते असं आहे, तो आधार पहिल्या अपिलात घ्या. उत्तराला ३० दिवस, पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडं.

मांजराकाठ सरांच्या १९१५ बद्दल एक भर. ग्राहक आयोगात जायचं तर 'व्यावसायिक हेतू'ची अडचण येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी चालवलेलं दुकान ग्राहक ठरू शकतं, प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला ते जड जातं. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

मांजराकाठ (लातूर)

पूर्णाकाठ ताई, नमुना उपयोगी आहे. यात नागरी सहकारी बँकांचाही विषय येतो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला लावलं. हेतू चांगला, फसव्या साइट ओळखायला सोपं. त्यासाठी रजिस्ट्रार एकच, हैदराबादची आयडीआरबीटी.

पण जुनं डॉट कॉम सोडून देता येत नाही, हे बऱ्याच संचालक मंडळांच्या ध्यानात नाही. सोडलं की मुदत संपून ते बाजारात जातं, कुणीही घेतं आणि बँकेचंच जुनं पान परत उभं करून खातेदारांना फसवतं. जुन्या पत्त्यावर येणारे मेलही त्याच्याच हातात पडतात. म्हणून जुनं नाव वर्षानुवर्षं नुसतं सांभाळावं लागतं, आणि त्या न वापरलेल्या नावावरही दरवाढ भरावी लागते. गोदातीर सर, ६५ आणि ५५९ च्या वादात मी रजिस्ट्रारकडं बोट दाखवलं होतं. या उदाहरणात मात्र तुमचं म्हणणं मान्य: नाव सोडायची सोयच नसेल तर दराला लगाम लागतोच.

बालाघाट (बीड)

पण विरोध करून कधी काही मिळालंय का? नऊ हजार हरकती गेल्या आन कलम तसंच राहिलं म्हणता.

पूर्णाकाठ (परभणी)

मिळालंय, बालाघाट दादा.

२०१७ मध्ये युनिरजिस्ट्री कंपनीनं आपल्या काही डोमेनचे दर प्रचंड वाढवायचं जाहीर केलं, काहींचे तर तीसपटीपर्यंत. रजिस्ट्रार आणि ग्राहक दोघेही उठले, काही रजिस्ट्रारनी ती नावं विकणं थांबवलं, आणि आधीच्या नोंदणीधारकांना जुना दर ठेवावा लागला.

डॉट ओआरजीचं तर याहून मोठं. २०१९ मध्ये मर्यादा काढायच्या विरोधात तीन हजारांवर हरकती गेल्या, आयकॅननं तरीही ३० जूनला मर्यादा काढली. नोव्हेंबरमध्ये पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही डॉट ओआरजी चालवणारी ना नफा संस्था ११३.५ कोटी डॉलरना ईथॉस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरलं. जगभरच्या संस्थांनी विरोध केला, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी एप्रिल २०२० मध्ये पत्र लिहिलं, आणि ३० एप्रिलला आयकॅननं विक्रीला नकार दिला. मर्यादा काढण्याच्या प्रक्रियेविरुद्ध नेमचीप हा रजिस्ट्रार स्वतंत्र पुनर्विलोकनात गेला. डिसेंबर २०२२ च्या निर्णयात आयकॅननं स्वतःचे नियम मोडल्याचं मान्य झालं.

नऊ हजारांच्या बाबतीत काय झालं? बहुतेक हरकती एकाच साच्यातल्या होत्या, आणि आयकॅन म्हणत राहिली की किंमत ठरवणं आमचं काम नाही, ते अमेरिकी सरकारनं ठरवलं. अमेरिकी सरकारकडं बोट दाखवलं जातंय तर अमेरिकी सरकारलाही लिहायला हवं.

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

आता प्रत्यक्ष काय लिहायचं. आयकॅनच्या संकेतस्थळावर 'पब्लिक कमेंट' नावाचा भाग आहे. मोफत खातं उघडायचं, सुरू असलेला विषय निवडायचा, मुदत साधारण ४० दिवसांची असते. हरकत इंग्रजीत द्या, एक-दीड पान पुरे. संस्थेच्या लेटरहेडवर पीडीएफ जोडा. साच्यातला मजकूर चिकटवू नका.

हरकतीत संस्था कोण, किती वर्षं डोमेन आहे, नाव बदलायचा अंदाजे खर्च रुपयांत आणि डॉलरमध्ये, हे आधी. मग मागण्या नेमक्या: २०३० नंतरच्या करारात ७ टक्क्यांऐवजी वाढ प्रत्यक्ष खर्चाशी जोडावी, करार निविदेनं द्यावा, डॉट ओआरजीवर मर्यादा परत आणावी. 'दरवाढ अन्यायकारक आहे' एवढंच लिहिलेली हरकत अहवालात एका ओळीत गुंडाळली जाते. खर्चाचा आकडा असलेली गुंडाळणं अवघड जातं.

कुठलीही कमेंट खुली नसली तरी एक वाट कायम आहे. आयकॅनमध्ये सरकारांची सल्लागार समिती आहे आणि भारताच्या बाजूनं तिथं आपलं मंत्रालयच बसतं. लोकसभेत प्रश्नाला किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते. मराठवाड्यातल्या आठही खासदारांकडं हा प्रश्न देता येईल: डॉट कॉमच्या दरवाढीबाबत भारतानं समितीत काय भूमिका घेतली, आणि डॉट इनच्या दराला मर्यादा घालण्याचा विचार आहे का? सीएमआयए आणि मसिआ या इथल्या उद्योजक संघटनांनी आपल्या सभासदांची डोमेनसंख्या गोळा करून एकत्र पत्र दिलं तर त्याला वजन येईल.

दुधना (जालना)

निविदेचा मुद्दा मला पटला, गोदातीर सर. नाव बदलण्याच्या खर्चाचा तक्ता जालन्यातल्या बियाणे आणि स्टील व्यावसायिकांकडून भरून घ्यायचं काम मी घेतो. रकाने एवढे ठेवतोय: डोमेन, नोंदणीचं वर्ष, रजिस्ट्रीतली मुदत, मालक म्हणून नोंद कुणाची, त्या नावावर चालणारे मेल पत्ते, छापील साहित्याचा वर्षाचा खर्च, पाट्या आणि गाड्यांवरच्या रंगकामाचा खर्च. काही राहिलं असेल तर सांगा.

सर्व्हरवाला (नांदेड)

दोन रकाने घाला. त्या मेलवर नोंदलेली सरकारी आणि बँकेची खाती किती, आणि ती प्रत्येकी बदलायला लागणारा वेळ. जीएसटी, ईपीएफ, उद्यम, आयात-निर्यात कोड, बँक, सगळीकडं ओटीपी त्याच मेलवर येतो. खरा अडकाव तिथं आहे आणि तो कुणी मोजत नाही. तक्त्यात खात्यांचे पासवर्ड किंवा ऑथ कोड कुणी लिहून पाठवले तर ती ओळ लगेच पुसा आणि त्यांना कोड बदलून घ्यायला सांगा.